दिंद्रुडचा हौद आणि माझी एकच बाटली

नव्वदच्या दशकात, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, मी औरंगाबादहून दिंद्रुडला एकटी निघाले. सोबत एक बाटली होती. तीत महिनाभर खपून बुरशीपासून मिळवलेले विकर, म्हणजे एन्झाइम. ते लगद्यात आधी मिसळले, तर कागद पांढरा करायला ब्लीचिंग पावडर कमी लागते, असे मी वाचले होते. दिंद्रुडजवळच्या एका लहान कागद कारखान्याच्या मालकांनी एका हौदापुरती परवानगी दिली होती. माझा प्रबंध त्या हौदावर अवलंबून होता आणि दुसरी बाटली नव्हती.

जाणाऱ्यांनी बीडला एसटी बदलावी, माजलगावहून जीप घ्यावी. ती भरल्याखेरीज हलत नाही. बाटली ठेवलेला थर्मास मांडीवर घेऊन मी तासभर बसले.

"च्या हाय का त्यात?" शेजारच्या आजोबांनी विचारले.

"औषध आहे. कागदासाठी."

"कागदाला कावून औषध?"

मी थर्मासचे झाकण आणखी घट्ट केले.

कारखान्यात उसाच्या चिपाडांचा, कॉस्टिक सोड्यात शिजवून धुतलेला लगदा हौदात भरला होता. पावडर कालवणाऱ्या सुभद्राबाई तिच्या उग्र वासामुळे नाकाला पदर बांधूनच बोलत. लगद्यात सोड्याचा खार उरला, तर विकर निकामी होते. म्हणून मी लाल लिटमस बुडवला. तो निळा झाला नाही. कारखान्याचे मालक आप्पा यांना मी होकार दिला.

सुभद्राबाईंनी लगदा तळापासून ढवळला आणि नवे काम म्हणून वर हळद वाहिली. ती पडताच लाल झाली.

"कुंकू झालं की! लई चांगला शकून!"

आप्पांनी बाटलीचे बूच काढले. हळद खाराने लाल होते, आणि मी तपासला होता फक्त वरचा थर.

"थांबा!" मी ओरडले. "चूक माझी आहे. लगदा पुन्हा धुवावा लागेल."

"पानी काय औरंगाबादेतून आणता, ताई?" आप्पा तडकले.

"आप्पा, पावडर तुमी कालवीत न्हाई," सुभद्राबाई म्हणाल्या. "मी धुते."

दोन धुण्यांनंतर हळद पिवळीच राहिली. बाटली ओतली. दोन तास लगदा कोमट ठेवला. तेवढ्यात सुभद्राबाईंनी मला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊ घातली. मग तीनऐवजी दोनच घमेली पावडर घातली. त्या लगद्याच्या कागदाचा वाळलेला ताव आप्पांनी जुन्या तावाशेजारी बराच वेळ धरला.

"सारखाच हाय. रोज किती बाटल्या लागतील?"

"एक."

"आन् एक बनवाया?"

"महिना."

सुभद्राबाई हसल्या. "महिन्यातनं एक दिस तरी डोळे कमी झोंबतील की!"

प्रबंधापुरता निष्कर्ष हाती आला होता. परतीच्या एसटीत मात्र तो मला अपुरा वाटत राहिला. विकर देणारी ती बुरशी गव्हाच्या कोंड्यावर स्वस्तात, भरपूर वाढते. औरंगाबादला उतरल्यावर मी घराआधी पिठाच्या गिरणीत गेले आणि पोतेभर कोंडा मागितला.