कॅनबेराच्या बसमध्ये आईला कोणी सांगितलं?

आधीच सांगते, मी या सदरातले अनुभव नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवून हसणाऱ्यांपैकी आहे. कुणाला पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कुणाची गाडी वडाखाली बंद पडते... वडाखाली गाडी बंद पडली तर बॅटरी बघावी, असं माझं मत. मी सिडनीत, पॅरामॅटाला, एका सरकारी खात्यात डेटाचं काम करते आणि स्वभावानेही तशीच आहे. माझ्या अनुभवात भूतबीत काही नाही. सेलला निघालेल्या बायकांनी भरलेल्या बसमध्ये, दिवसाढवळ्या घडलेली गोष्ट आहे. पण वर्ष झालं तरी ती डोक्यातून जात नाही. समीर, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, एकदा लिहून टाक. म्हणून लिहितेय.

इथल्या गेल्या हिवाळ्यात, म्हणजे जूनमध्ये, आई केलीव्हिलला आमच्याकडे आली होती. ती इथे असतानाच नाशिकला तिची धाकटी बहीण, माझी सुशीमावशी, झोपेत गेली. दादाचा, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचा, फोन मला ऑफिसात आला. रडून झाल्यावर तो म्हणाला, "आईला एवढ्यात सांगू नकोस. मागच्या वर्षीच अँजिओप्लास्टी झालीय, आणि एकटीने परत यायचंय तिला. इथे उतरली की आम्ही सांगू."

मला पटलं. आपल्याकडे हे असंच करतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मावशी मुलीकडे बंगळूरला गेलीय, तिचा फोन बिघडलाय, असं मी आईला ठोकून दिलं. आई "बरं" म्हणाली. आईशी इतकं सफाईने खोटं बोलता येतं हे मला नव्यानेच कळलं.

तेराव्याचा दिवस शनिवारी आला. सगळा गोतावळा नाशिकला जमणार, त्यात एखादा अतिउत्साही मामा आईला व्हिडिओ कॉल लावणारच. मात्र आईचा फोन फक्त आमच्या घरच्या वायफायवर चालायचा. म्हणजे तिला दिवसभर घराबाहेर काढलं की झालं. पॅरामॅटाहून कॅनबेराच्या आऊटलेट सेंटरला शॉपिंगची बस जाते, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. जूनचे सेल लागले होते. मी दोन सीट्स बुक केल्या. दुसऱ्या राज्याच्या हद्दीत जायचंय असं मी बोलून गेले, तर आईने पासपोर्ट काढून पर्समध्ये ठेवला. बॉर्डर म्हणजे हायवेवरची एक पाटी असते गं, असं सांगितलं तरी ऐकेना. "असू दे. विचारलाच कुणी तर?"

तिथे कुठे फुकटचं वायफाय लागलं तर, या धास्तीने फोन मात्र मी तिच्याकडून काढून घेतला, "हरवशील" म्हणून, आणि माझ्या पर्सच्या तळाशी टाकला.

बस भरलेली होती. आईला गुडघ्यांमुळे ड्रायव्हरने अगदी पुढची सीट दिली, एका जाड काळ्या स्वेटरातल्या म्हातारीशेजारी. त्या म्हातारीची मुलगी टीना दोन रांगा मागे बसली होती, मी तिच्या शेजारी जाऊन बसले. टीना बोलघेवडी. तिनेच सांगितलं, तिची आई एलेनी मूळची ग्रीसची, पन्नासेक वर्षं सिडनीत काढली, पण स्ट्रोकनंतर इंग्रजी पार गेलं. आता फक्त ग्रीक बोलते, आणि तेही ऐकायला घरात टीनाशिवाय कुणी नाही. मी म्हटलं, माझ्या आईचं इंग्रजी 'थँक्यू'च्या पुढे जात नाही, तेव्हा जोडी छान जमलीय. आम्ही दोघी हसलो. मावशीबद्दल मी टीनाशी एक अक्षर बोलले नाही, हे मुद्दाम लिहितेय, कारण समीरने पहिला प्रश्न हाच विचारला होता.

थोड्या वेळाने पुढून आईचा आवाज यायला लागला. खळखळून बोलत होती, आणि मराठीत. मधूनच एलेनी ग्रीकमध्ये काहीतरी म्हणायची, मग दोघी हसायच्या. टीनाने लांबूनच त्यांचा फोटोही काढला.

गोलबर्नला बस चहाला थांबली, तेव्हा मी आईला चिडवलं, "काय गं, एवढं काय बोलताय?"

"अगं, गोड आहे बाई. तिला पण एकच बहीण. दोघींनी मिळून एक बोकड पाळला होता, तो शाळेपर्यंत यायचा त्यांच्या मागे."

"हे तुला कुठल्या भाषेत सांगितलं तिने?"

"आपल्या. अजून कुठल्या?" आई कपात बिस्कीट बुडवत म्हणाली.

मला वाटलं खाणाखुणांवरून तिने गोष्ट रचली असेल. टीनाला मी बोकडाबद्दल गंमत म्हणून विचारलं. ती हसली नाही. तिला तो बोकड माहीत होता.

तरी मी ते सोडून दिलं, कारण माझं सगळं लक्ष नाशिककडे होतं. आऊटलेटमध्ये आईने नातवंडांसाठी जॅकेट्स घेतली, दादासाठी बूट घेतले. मग लोकरीच्या दुकानात जांभळट रंगाचा एक स्वेटर उचलून माझ्यापुढे धरला. "सुशीला हा रंग खुलतो. बाहीची लांबी बघ बरं, तुझ्याएवढेच हात आहेत तिचे." मी हात पुढे केला. नाशिकला त्याच वेळी तेराव्याची तयारी चालली असेल आणि मी इथे मावशीच्या मापाचा स्वेटर अंगाला लावून उभी. ट्रायल रूममध्ये जाऊन मी तोंड धुऊन आले. आईला काही कळलेलं नव्हतं, याबद्दल मी आजही शपथ घेईन. तिने बटणंसुद्धा ओढून बघितली होती.

परतीच्या वाटेवर दोघी पुन्हा पुढे बसल्या. वाटेवरचं लेक जॉर्जचं तळं मागे पडेपर्यंत आईचा आवाज येत होता. मग तो थांबला. मी वाकून पाहिलं तर आईचं डोकं एलेनीच्या खांद्यावर होतं, आणि एलेनीने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला होता. दमून झोपली असेल असं मला वाटलं. खरं सांगते, मला हायसं वाटलं. दिवस निभावला.

पॅरामॅटाला उतरल्यावर आई माझी वाट बघत फुटपाथवर उभी होती. डोळे लाल.

"सुशी गेली ना गं?"

माझ्या हातातल्या पिशव्या खाली पडल्या.

"कोणी... कुणी सांगितलं तुला?"

"एलेनीने. झोपेतच गेली म्हणे. त्रास नाही झाला ना तिला?"

मी पर्स उघडली. तावातावाने उघडली, कारण मला वाटलं आईचा फोन कुणीतरी चाळला असणार. फोन माझ्या पर्सच्या तळाशीच होता, बंद. तेवढ्यात टीना तिच्या आईला धरून माझ्याकडे आली. एलेनी माझ्या गालावर हात ठेवून ग्रीकमध्ये काहीतरी म्हणाली. टीनाचा चेहरा गोंधळलेला होता.

"मम म्हणतेय, सॉरी अबाऊट युअर आन्टी," ती म्हणाली. "झोपेत गेल्या म्हणे. तुझ्या आईने तिला सांगितलं."

मी म्हटलं, माझ्या आईला ते माहीतच नव्हतं.

टीनाने ते ग्रीकमध्ये विचारलं. म्हातारीने नाही अशी मान हलवली आणि माझ्या आईकडे बोट दाखवलं. माझी आई तिच्याकडे बघत होती. दोघी शांत होत्या. घाबरलो होतो ते आम्ही दोघी, त्यांच्या मुली.

समीर गाडी घेऊन आला. आम्ही घरी आलो. आत आल्याबरोबर आई तडक बाथरूममध्ये गेली, एवढ्या थंडीत डोक्यावरून पाणी घेतलं. बाहेर आली आणि मला म्हणाली, "तूही अंघोळ करून घे." मी केली. माझी तर राहूनच गेली होती. मग तिने स्वतः दादाला फोन लावला. मला तिच्या छातीची धास्ती होती, पण ती धड होती. दादाच रडत होता.

मी तिच्यापाशी बसले आणि म्हटलं, आई, तुला त्रास होईल म्हणून नाही सांगितलं गं.

"माहितीये," ती म्हणाली. "पण तिने माझा हात धरून सांगितलं. तुम्ही मला विमानातून उतरल्यावर सामानाबरोबर सांगणार होतात."

एवढंच. पुन्हा कधी तिने विषय काढला नाही. जाताना स्वेटर मात्र घेऊन गेली, मावशीच्या सुनेला दिला म्हणे.

समीरचं म्हणणं, आईला आतून संशय होताच, तो बोलता बोलता तिच्याच तोंडून बाहेर पडला. असेलही. मग झोपेत गेली हे कसं कळलं? मावशीला मधुमेह होता, कुणीही हॉस्पिटल धरून चाललं असतं. आणि बोकड? त्यानंतर टीनाचा एकदा फोन आला. तिने तिच्या आईला खोदून खोदून विचारलं होतं. एलेनी म्हणाली, त्या बाईचं ग्रीक अगदी आमच्या गावाकडचं होतं, इतक्या वर्षांत तसं कानावर पडलं नव्हतं. नंतर आम्ही एकमेकींना फोन केलेला नाही.

कुणाला यातलं काही उलगडत असेल तर जरूर कळवा. मला नाही उलगडलं.

आई आता नाशिकला असते. रोज बोलते, "मी बरी आहे" म्हणते. मागून दादाही "सगळं ठीक" म्हणतो, आणि त्याचा तो आवाज कसा असतो हे मला आता चांगलं माहीत आहे, कारण तेव्हा माझाही तसाच होता. परवा ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये एक अनोळखी म्हातारी माझ्या शेजारी येऊन बसली. माझ्याकडे बघून हसली, हात माझ्या हातावर ठेवला आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मी हात सोडवून घेतला आणि पुढच्या स्टेशनला उतरले.