टाकीच्या तोंडावर

माझे वडील पाणबुडे. भिवंडीत कापड रंगवणाऱ्या डाइंगवाल्यांच्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाक्या गळायला लागल्या की शेठलोक त्यांनाच बोलवायचे, कारण टाकी उपसायची म्हणजे काम बंद. वडील दम रोखून खाली जायचे आणि भिंत चाचपून चीर शोधायचे. त्यापायी एका कानाचा पडदा गेला. पुन्हा पाण्याखाली गेलात तर दुसराही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. वडिलांनी ते त्याच गेलेल्या कानाने ऐकलं.

म्हणून मी पाण्यात सोडायचं कॅमेऱ्याचं यंत्र घेतलं. मिक्सरच्या भांड्याएवढं, मागे लांब पिवळी वायर, वर बसून रिमोटने चालवायचं. शेलार गावाच्या बाजूच्या एका डाइंगमध्ये ते खाली सोडलं, तर त्याच्या पंख्यांनी तळाचा गाळ उठवला आणि स्क्रीनवर नुसता चहा दिसायला लागला.

शेठ म्हणाला, "मशीन अंधी है तुम्हारी. चाचा को उतारो, दो मिनट का काम है."

वडील तयारच! शर्ट काढून टॉवेल गुंडाळलेला. मी त्यांना फक्त वायर धरायला आणलं होतं. माझं डोकंच फिरलं. टाकीचं तोंड माणूस जेमतेम शिरेल एवढं. त्यावर फळी आडवी टाकली आणि वर बसकण मारली.

"उठ गं. शेठ खोळंबलाय."

"खोळंबू दे."

"मी हाय ना! आजवर बुडालो का कधी?"

"न्हाय बाबा. आन् आजबी उतरायचं न्हाय."

शेठ म्हणाला, दुसरा माणूस बोलावतो. म्हटलं, बोलवा, पण आधी मला उचलावं लागेल. कामगार हसले. उचलायला कोणी पुढे आलं नाही. शेठ तणतणत ऑफिसात गेला. आतून मी घाबरलेच होते. गाळ बसला नाही तर काय तोंड दाखवणार?

पंखे बंद ठेवून यंत्र तसंच पाण्यात राहू दिलं. हळूहळू भिंत दिसायला लागली. पाइपाच्या खाली चीर होती आणि पाण्यातली सुताची तुसं तिच्यात ओढली जात होती.

वडील स्क्रीनवर वाकले. "हीच ती," ते म्हणाले. "इतकी वर्सं हात लावला. बघितली आज."

मला रडू फुटलं, पण फळीवरून हलले नाही.

शेठने परत येऊन चीर बघितली. चुकलो म्हणेल तर तो शेठ कसला! "ठीक है. लेकिन अगली बार चाचा को जरूर लाना."

"आणीन की," मी म्हटलं. "पण त्यांचा शर्ट निघणार नाही."