पौर्णिमानं राखलेलं पाणी

सिद्धगडाच्या पायथ्याची पौर्णिमा समुद्रावर नोकरीला निघाली, तेव्हा अख्ख्या आळीनं तोंडात बोटं घातली. घालणारच हो! उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी ओढ्यापर्यंत उतरणारी ही पोर, मुरबाडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकली आणि संशोधनाच्या जहाजावर पाण्याच्या बाटल्या सांभाळायला गेली.

काम सोपं नव्हतं बरं का. खोल समुद्राच्या तळाला भेगा असतात, त्यांतून तापलेलं, काळंकुट्ट पाणी उसळतं. त्यात लोखंड, गंधक असलं काय काय असतं. यंत्र ते पाणी वर आणी, पौर्णिमा ते गाळून गाळणीवरचा गाळ राखी. नोकरी एका सफरीपुरती. पुढं ठेवायचं की नाही, ते मोहिमेच्या प्रमुख काटकर मॅडम ठरवणार. पोरीला ती नोकरी हवीच होती, जीव नुसता टांगणीला लागलेला.

आणि नेमका शेवटच्या बाटलीला घोटाळा झाला. त्या दिवशी समुद्र खवळलेला, पौर्णिमा ओकून ओकून अर्धी झालेली. नव्या भेगेतून आलेली बाटली तशीच उभी राहिली, काळा गाळ तळाला बसला. आता तिच्या आईनं, शालननं, लहानपणापासून हाताला वळण लावलेलं : ओढ्याचं पाणी निवळू द्यायचं, वरचं हलक्या हातानं दुसऱ्या भांड्यात घ्यायचं, गाळ फेकून द्यायचा. हातांनी तेच केलं. गाळ बेसिनमध्ये गेला आणि मग तिला उमगलं. अहो, सगळी धडपड त्या गाळासाठीच होती!

कुणी पाहिलं नव्हतं. गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागला असता? पण ती तडक मॅडमपुढं जाऊन उभी राहिली.

"मॅडम, गाळ मी फेकला. सवयीनं. वरचं पाणी तेवढं ठेवलंय."

"नुसतं पाणी घेऊन काय करू मी?" मॅडम कडाडल्या. जहाज परतीला लागलं होतं, दुसरी बाटली आणायची सोय नव्हती.

हाती तेवढंच उरलं म्हणून किनाऱ्यावर आल्यावर मॅडमनी ते पाणी तपासलं. दिसायला निवळशंख, पण आत लोखंड-गंधकाचे कण, इतके बारीक की गाळणीतून निसटावेत आणि तळाला बसूच नयेत. असे कण पाण्याबरोबर दूरदूर जातात, त्यांतलं लोखंड समुद्रातल्या सूक्ष्म जिवांना मिळतं.

"गाळ फेकलास ही चूकच," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या सफरीत दोन्ही ठेवायचं."

"पुढच्या? हे सापडलं म्हणून का, मॅडम?"

"नाही गं. तू सांगायला आलीस, तेव्हाच ठरवलं होतं. ओरडण्याच्या भरात सांगायचं राहिलं."

पौर्णिमाला रडूच फुटलं. तिनं घरी फोन लावला, सगळं सांगितलं.

"फेकायला शिकवलं मी, नि बोलणी तू खाल्लीस गो," शालन म्हणाली आणि हसता हसता तीही रडायला लागली.