अर्ध्यावर ठेवलेला कान

आम्रपाली,

रागावले आहे, म्हणून कशी आहेस वगैरे विचारत नाही. काल मुंबईच्या हॉस्पिटलातून फोन आला. नंबर तू माझाच दिला होतास. "पेशंट दुसऱ्या ऑपरेशनला का येत नाहीत?" काय सांगू? पेशंट लग्न करून दाभोळला गेली आणि तिथे तिचा कान जन्मजात ठरलाय?

बावीस वर्षं तू डावी बाजू केसांखाली झाकून काढलीस. कानाच्या जागी शेंगदाण्याएवढा मांसाचा गोळा. माझ्या वर्गात कायम डाव्या भिंतीला चिकटून बसायचीस. पुढे पाली स्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानात लागलीस आणि एक दिवस कुणाला न विचारता ऑपरेशनची तारीख घेऊन आलीस. काय अभिमान वाटला होता मला! डॉक्टरांनी तुझ्या उजव्या कानाचा नकाशा फिल्मवर काढला, उलटा केला, त्याबरहुकूम बरगडीच्या टोकाची कूर्चा कोरली आणि डावीकडे कातडीखाली बसवली. खोकला आला की तू छातीवर उशी दाबायचीस, पण हातातला आरसा सोडत नव्हतीस. डोक्याला चिकटलेला तो कान सहा महिन्यांनी दुसऱ्या ऑपरेशनात उचलायचा, की मागे चष्म्याची काडी बसेल. एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात दाभोळच्या सम्यकचं स्थळ आलं.

बघण्याच्या दिवशी तुझ्या आईने, दर्शनाने, मला दारातच अडवलं. "बाई, बरगडीचा विषय काडू नका हां. कान नाय तो लोक चालवून घेतात. बरगडी काडलेली पोर म्हंजे हंडा उचलायची नाय, बाळंतपण झेपायचं नाय, असं म्हणतील."

"अगं, बरगडी जागच्या जागी आहे! टोकाची कूर्चा काढली, तीही थोडी."

"तुमी शिकलेल्या. त्यांना कोण पटवणार?"

सम्यकच्या आईने कान निरखून पाहिला. "असा चपटा कसा गो?"

"जलमापासनं तसाच," दर्शना म्हणाली. तू खाली बघत चहाचे कप उचललेस.

आठ तास राबून डॉक्टरांनी केलेली कारागिरी तुम्ही दैवाच्या नावावर खपवलीत! आता कान उचलला की खोटं उघडं पडणार, म्हणून तो चिकटलेलाच. छातीवरच्या व्रणाबद्दल सम्यकला "लहानपणी भाजलं" म्हणून सांगितलंस म्हणे. पाठ चांगला केलास. आई भित्री आहे, मान्य. पण तुला तोंड होतं ना?

होतं. लग्नाला आठ दिवस असताना हॉस्पिटलची फाइल घेऊन तू माझ्याकडे आलीस. "बाई, बरोबर चला. सम्यकला मीच सांगते, तुम्ही नुसत्या बसा." रविवारी सकाळची चिपळूणची एसटी, तिथून दाभोळ, असं ठरलं. फाइल माझ्याकडेच ठेवून गेलीस.

रविवारी मी स्टँडवर तासभर उभी. तू आली नाहीस. दुसरी गाडी लागली. कंडक्टरने विचारलं, "बाई, येताय काय?"

फाइल पिशवीत होती, पत्ता पाठ होता, तोंड मलाही होतं. मी तणतणत घरी आले.