वहिनीचं दूध

आमच्या अवंतीवहिनीला दूधच नव्हतं, असं देवासला आमच्या कॉलनीत अजूनही सांगतात. आई तर जाईपर्यंत सांगत होती. ते खोटं आहे, आणि ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

वहिनी शाळेत गणित शिकवते. कमी बोलते, आणि ज्याचं कारण कळत नाही ते करत नाही. पण सतरा वर्षांपूर्वी ती घरात नवी होती.

आमच्याकडे एक रीत आहे. मुळात आमची नव्हेच. माळव्यात राहून शेजाऱ्यांकडून उचललेली, आणि आता त्यांच्यापेक्षा आम्हीच घट्ट धरून बसलेलो. बाळंतिणीची छाती ननंदेनं धुवायची, मानाची साडी घ्यायची, मगच बाळाला पाजायचं. ननंद मी. सतवासला दिलेली, आणि तेव्हा रुसलेली, कारण डोहाळजेवणाचं आमंत्रण नीलेशदादानं फोनवर उरकलं होतं. मुलगा झाल्याचं कळलं तेव्हा मी म्हटलं, येते सवडीनं. माझ्यावाचून घोडं अडणार हे मला माहीत होतं. खरं सांगते, बरं वाटत होतं.

गेले ती चौथ्या दिवशी. तोवर बाळाला गुळाचं पाणी, मग बाटली. पिवळा चीक आईनं फडक्यात टिपून टाकायला लावला. दवाखान्यातली नर्स रोज ओरडायची, "बच्चे को लगाओ, जितना पियेगा उतना उतरेगा." आई म्हणायची, "हमारे में ननंद आने के बाद." वहिनीची छाती दगडासारखी झालेली, अंगात ताप. मी धुतली, साडी घेतली. बाळ, म्हणजे आमचा अजेय, दोनदा लुचला आणि तोंड फिरवून बाटलीसाठी रडू लागला. शतावरी झाली, हाळिवाची खीर झाली. महिन्याभरात दूध आटलं आणि दोष वहिनीचा ठरला. चोर सोडून संन्याशाला फाशी. चोर तिथंच बसून डिंकाचे लाडू खात होता.

गेल्या महिन्यात माझी लेक अपूर्वा बाळंत झाली, देवासलाच. वहिनी रजा काढून सकाळपासून हजर. बाळ तासाभराचंही नव्हतं, तोच अपूर्वाच्या सासूबाईंचा फोन आला, "ननंद बदनावरहून निघालीय. तोवर लावू नका."

सांगायला लाज वाटते, पण मी म्हणाले, "वहिनी, दोन-तीन तासांचा तर प्रश्न आहे. थांबू या का?" विहीणबाई दुखावतील, एवढंच मनात होतं.

वहिनी पुढे झाली. बाळ उचललं, अपूर्वाच्या पोटाशी आडवं धरलं, त्यानं तोंड मोठं उघडेपर्यंत थांबली आणि छातीला लावलं. ते लुचायला लागलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "वन्सं, मी तीन दिवस दाराकडे बघत होते. तुम्ही का आला नाहीत, हे कधी विचारलं नाही. आज सांगा."

बाळ घुटके घेत होतं. सांगायला माझ्याजवळ फोनवर आलेलं एक आमंत्रण होतं.