शंभर ग्रॅम आणि साबुदाण्याची खिचडी

कबड्डीच्या त्या गटाला पन्नास किलोची मर्यादा होती आणि आमची मुलगी शंभर ग्रॅम जास्त भरली. एवढं सांगितलं की लोक हमखास म्हणतात, "शंभर ग्रॅम म्हणजे काय हो!" शंभर ग्रॅम म्हणजे शंभर ग्रॅम. वाण्याने तेवढी साखर कमी दिली तर हेच लोक भांडायला उठतील.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आम्ही विरारला मनवेलपाड्यात फ्लॅट घेऊन नुकतेच राहायला आलो होतो. मुलगी आठवीत होती, इमारतीमागच्या मैदानावर कबड्डी खेळायची. तालुक्याच्या मुलींच्या संघाची निवड झाली तेव्हा बारा जणींत तिचं नाव आलं. उरलं होतं ते फक्त वजन, तेही रविवारी सकाळी वसईला. त्याआधी मी तिला कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पोती मोजायच्या काट्यावर उभं केलं. काटा पन्नासच्या किंचित पुढे गेला.

हिशोब सोपा होता. आठवडाभर वडापाव बंद, शनिवारी दुपारी एक पोळी, रात्री नुसतं ताक. हे मी घरात नीट समजावून सांगितलं. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि त्यात स्वतःची सुधारणा केली.

"नाहीतरी शनिवार आहे. मारुतीचा उपवासच करू दे तिला. वजनही उतरेल आणि देवही पाठीशी राहील."

शनिवारी अर्ध्या दिवसाचं ऑफिस करून दुपारी घरी आलो. मुलगी स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. समोर ताटभर साबुदाण्याची खिचडी, वर ओलं खोबरं, बाजूला तुपात परतलेल्या रताळ्याच्या फोडी. वरच्या मजल्यावरच्या काकू वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी घेऊन उभ्या होत्या.

"हे काय चाललंय?"

"उपवास," बायको म्हणाली.

"अगं, यात दाण्याचं कूट किती आहे!"

"मग काय पोरीला उपाशी ठेवायचं?" काकू म्हणाल्या. "भाऊजी, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही तिच्या."

"साबुदाणा म्हणजे अन्न नाही?"

"काहीतरीच तुमचं. साबुदाणा उपवासाला चालतो."

चालतो की नाही हा प्रश्न मारुतीचा होता, माझा प्रश्न वजनाचा होता. पण त्या दोघींच्या डोक्यात उपवास आणि वजन यांचं गणित पक्कं बसलं होतं, आणि मुलगी तर आठवडाभराच्या पथ्यानंतर खिचडीवर अशी तुटून पडली होती की ताट ओढून घेण्याचं धैर्य मला झालं नाही. संध्याकाळी राजगिऱ्याचे लाडू झाले, रात्री शिकरण. मी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा मला सांगण्यात आलं की उपवासाच्या दिवशी घरात चिडचिड करू नये.

रविवारी वसईला ती काट्यावर चढली. पन्नास किलो तीनशे. संघाच्या सरांनी घड्याळ पाहिलं. "अर्धा तास आहे. पळवा तिला."

ती उन्हात स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारत होती आणि मी कुंपणाशी तिच्या बांगड्या, कानातली आणि केसांच्या पिना हातात धरून उभा होतो. पुन्हा वजन झालं. दोनशे ग्रॅम उतरले होते, शंभर राहिले. घामाने निथळत ती काट्याकडे बघत राहिली.

"सर, एवढ्याशासाठी..." मी म्हणालो.

"उद्या समोरचा संघ हरकत घेईल आणि बाराच्या बारा जणी घरी येतील. तुम्हीच सांगा, काय करू?"

सर चुकीचं बोलले असते तर भांडता आलं असतं. तेही सुख नाही. तिच्या जागी तेराव्या मुलीचं नाव वाचलं गेलं.

आम्ही घरी आलो. आल्यावर ती म्हणाली, "मी आता जेवणारच नाही. आणि कबड्डी पण बंद." आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. दुपारचं ताट तसंच राहिलं. बायको दाराबाहेर रडत होती. मी दाराला तोंड लावून सांगत होतो की पुढच्या वर्षी गट बदलतो, मर्यादा वाढते, म्हणजे या हिशोबाने...

"बाबा, हिशोब नको!"

मग सांत्वनाला माणसं येऊ लागली. काकू म्हणाल्या, "तिला बुद्धिबळ शिकवा, भाऊजी. त्यात वजन करत नाहीत." मी त्यांच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. त्यात लाडू होते.

पाचूबंदरहून येणारी आमची मासेवाली त्या दिवशी चर्चमधली रविवारची मिसा उरकून उशिरा आली. तिने सगळं ऐकलं आणि टोपली दारातच ठेवली. "पोरगी काय वजनावर घेत्यात? आमी बोंबील पन वाट्यावर इकतो!" बायकोला ते लागलं. त्या रविवारी आमच्याकडे मासे झाले नाहीत.

पाच वाजता खालून हाका सुरू झाल्या. संघातल्या तीन मुली होत्या. मी गॅलरीत गेलो.

"काका, तिला पाठवा ना! प्रॅक्टिस आहे."

"संघात घेतलं नाही आणि प्रॅक्टिसला हवी?"

"आमच्यासमोर चढाईला कोण येणार मग? तिच्यासारखी कुणी नाहीये, काका. तिला पकडायला जमलं तर सगळ्यांना पकडू."

माझं डोकंच फिरलं. फुकटची हमाली! मी त्यांना चांगलं सुनवायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागे दाराची कडी वाजली. ती बाहेर आली. डोळे सुजलेले, अंगात खेळायचे कपडे.

"जाणार आहेस तू? कशाला? त्या तुझ्यावर सराव करून ठाण्याला जिल्ह्याच्या सामन्यांना जाणार आणि तू इथे..."

"बाबा, मला त्यातली एक पण पकडू शकत नाही," ती म्हणाली. "बघायचंय मला, पकडतात का." मग स्वयंपाकघराकडे वळून म्हणाली, "आई, कालची खिचडी उरलीय?"

उरली होती. उरणारच होती, चार माणसांना पुरेल एवढी केली होती. ती थंडगार खिचडी तिने उभ्या उभ्या खाल्ली, वाटी पुसून घेतली आणि आणखी वाढून घेतली. बायको माझ्याकडे अशी बघत होती, जणू शेवटी तिचंच बरोबर ठरलं होतं.

भरल्या पोटी धावू नये, एवढंच मला म्हणायचं होतं. मुलगी तोवर दोन मजले उतरून गेली होती. मी चपला घातल्या आणि पाण्याची बाटली घेऊन तिच्यामागे मैदानाकडे निघालो.