शेठच्या सुनेचा दवाखाना

जिनमध्ये दवाखाना हवा म्हणून शेठच्या मागे मीच लागलो होतो. दोंडाईच्यातल्या त्या कापसाच्या जिनमध्ये मी हमालांचा मुकादम. कोणाची बोटं चेंगरत, कोणाची पाठ धरे, आणि उपाय काय, तर हळद दाबा! शेवटी शेठ म्हणाले, "बरं बाबा, उघडू." नारळ फुटला, पेढे वाटले आणि खुर्चीवर येऊन बसलं कोण? शेठची धाकटी सून! शिकलेली डॉक्टरीण, पण सासरे समोरून गेले की पदर डोक्यावर.

घ्या आता! मालकाच्या सुनेसमोर धोतर सोडायचं की काय?

मला तर जांघेत हर्निया. ओझं उचललं की लिंबाएवढा फुगवटा बाहेर यायचा, आडवा झालो की आत जायचा. लंगोट करकचून आवळायचो. बायको रोज म्हणायची, "डॉक्टरले दखाडी या ना एकदाव."

डॉक्टरीणबाई विचारायच्या, "काय होतंय, आबा?" मी भिंतीकडे बघून सांगायचो, "सर्दी शे." माझ्यामागच्या हमालालाही सर्दी, त्याच्यामागच्यालाही. मुकादमच लाजतो म्हटल्यावर बाकीचे कशाला तोंड उघडतील! भर चैत्रात अख्ख्या जिनला सर्दी.

एका दुपारी कापसाची गाठ ट्रकवर ढकलताना अशी कळ आली की मी आवारातच लोळलो. फुगवटा आत जाईना, उलट्या थांबेनात. बाई धावत आल्या. शेठ, मुनीम, हमाल, सगळे भोवती. मी दोन्ही हातांनी धोतर घट्ट धरलं. "नही बाई, नही!" त्यांनी चारचौघांत माझे हात बाजूला केले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेठच्याच गाडीतून मला धुळ्याला नेलं. आतडं अडकलं होतं, आणखी उशीर झाला असता तर खेळ खलास होता, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

टाके काढून परत आलो तेव्हा मान वर होईना. बाईंनी दार लोटलं. म्हटलं, आता बोलणी बसणार. पण त्याही भिंतीकडे बघून म्हणाल्या,

"तुमची चाल बघून मला पहिल्याच दिवशी शंका आली होती, आबा. सासऱ्यांच्या वयाच्या माणसाला विचारायचं कसं, म्हणून मीही सर्दीच्याच गोळ्या देत राहिले."

आणि ती पोर माझ्यापुढे रडायला लागली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

बाहेर माझे सर्दीवाले रांगेत उभे होते. मी दार उघडून ओरडलो, "कोनले कोनले हर्निया शे रे? या बठ्ठा जन!" एकही हलला नाही. मग लाज गिळून मी सगळ्यांसमोर धोतर बाजूला केलं आणि टाक्यांचा वण दाखवला. तेव्हा कुठे एक जण खाली बघत पुढे आला.